गाडी स्वतः चालेल तेव्हा चालेल, मामांना आत्ताच का काढता?

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

“आम्ही विलेपार्ले पूर्वेला राहतो. यजमान ७२ वर्षांचे, मी ६६. दोन वर्षांपूर्वी यांना काचबिंदूचं निदान झालं. समोरचं नीट दिसतं, बाजूचं कमी झालंय. रात्री गाडी चालवणं यांनी आपणहून सोडलं, पण दिवसा अधूनमधून हट्टाने किल्ली घेतात. एरवी चौदा वर्षांपासून आमच्याकडे ड्रायव्हर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. दादरला डॉक्टर आणि नाटक, ठाण्याला बहीण, वर्षातून दोन-तीनदा पुण्याला मुलगी, एवढंच आमचं फिरणं. गेल्या वर्षी मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेलो होतो. त्याने आम्हाला बिनड्रायव्हरच्या टॅक्सीतून फिरवलं. स्टीअरिंग आपोआप फिरताना बघून हे इतके खूश झाले की तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. मुलगा म्हणतो, जुनी गाडी विका, लेव्हल टू एडासवाली नवी घ्या, दोन-तीन वर्षांत अपडेट येईल आणि तीच स्वतः चालेल. मग ड्रायव्हरचा पगार कशाला? यांनाही ते पटलंय. मामांना अजून कोणी काही बोललेलं नाही, पण कुणकुण लागली असावी. मला गाडीतलं कळत नाही, पण धास्ती वाटते. अशी गाडी यांच्यासाठी सुरक्षित आहे का? पूर्ण आपोआप चालणाऱ्या गाड्या मुंबईत येतील का? आणि मामांचं काय करायचं?”

ताई, नमस्कार.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते तातडीचं आहे. नाही, सुरक्षित नाही. एडासची, म्हणजे चालवणाऱ्याला मदत करणारी यंत्रणा असलेली, गाडी घ्यायला माझी हरकत नाही, परवडत असेल तर घ्याच. पण ती यजमानांनी चालवावी म्हणून नको. बाजूची नजर कमी झालेल्या माणसाला जशी गाडी हवी तशी आपल्याकडे विकायलाच नाही. आणि जी विकायला आहे, तिच्या स्टीअरिंगमागे नेहमीपेक्षा जास्त सावध माणूस लागतो.

मुलगा खोटं बोलत नाही. तो तिकडे या गाड्या रोज बघतो. फक्त दोन निराळ्या गोष्टींची त्याने गल्लत केली आहे. गाडी किती प्रमाणात स्वतः चालते याच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ साली ठरवल्या. तुम्ही बसलात ती बहुधा वेमोची टॅक्सी असणार. गूगलने २००९ साली सुरू केलेल्या प्रकल्पातून ही कंपनी निघाली आणि जून २०२४ पासून सॅन फ्रान्सिस्कोत कोणीही तिची टॅक्सी बोलावू शकतं. ती चौथी पायरी. तुमच्या लक्षात असेल, त्या पांढऱ्या जॅग्वारच्या टपावर एक घुमटासारखं यंत्र असतं. तो लायडार, लेझरने आजूबाजूची अंतरं मोजणारा. त्याशिवाय चारी बाजूंना आणखी लायडार, रडार आणि सगळे मिळून २९ कॅमेरे. ज्या भागात टॅक्सी फिरते, तिथला रस्ता न् रस्ता आधी बारकाईने नकाशात घेतलेला असतो. गाडी अडलीच तर दूर बसलेली माणसं तिला वाट सुचवतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काही बिघडलं तर थांबायचं कुठे हे गाडीच बघते, मागच्या सीटवर बसलेल्या तुम्हाला काही करावं लागत नाही.

आपल्या शोरूममध्ये मिळते ती दुसरी पायरी, म्हणजेच मुलाचं ‘लेव्हल टू’. आरशामागे काचेला चिकटवलेला एक कॅमेरा, पुढच्या बंपरमध्ये रडार, महागड्या मॉडेलमध्ये मागच्या कोपऱ्यांत आणखी दोन. ती पुढच्या गाडीशी अंतर राखते, पट्ट्यांच्या मधोमध चालते आणि टक्कर होणार असं वाटलं तर ब्रेक लावते. काम चांगलं करते, पण जबाबदारी शेवटपर्यंत चालवणाऱ्याचीच. सॉफ्टवेअर अपडेट रात्रीत येऊ शकतं हो, पण अपडेटने टपावर लायडार उगवत नाही. टेस्लाने जुलै २०२५ मध्ये बीकेसीत शोरूम उघडलं तेव्हा ‘फुल सेल्फ ड्रायव्हिंग’साठी सहा लाख रुपये वेगळे लावले होते. एवढ्या भारदस्त नावाच्या पॅकेजलासुद्धा चालकाने सतत लक्ष ठेवलं पाहिजे, असं कंपनी स्वतःच लिहिते. मुलाला एकच विचारा. जी गाडी तो सुचवतोय तिच्या मॅन्युअलमध्ये ‘चालकाने नजर काढली तरी चालेल’ असं वाक्य कुठे आहे, ते दाखव म्हणावं.

आता यजमानांसाठी हे धोक्याचं का, ते सांगतो. एक्सप्रेसवेवर गाडी ताशी १०० ला लावली की सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. दहा-पंधरा मिनिटं स्टीअरिंग आपोआप वळत राहतं, ब्रेक आपोआप लागतो, आणि माणसाचं मन हळूहळू दुसरीकडे जातं. हा आळस नव्हे. काहीच न करता नुसतं लक्ष ठेवणं हे जगातलं सगळ्यात अवघड काम आहे, कुठल्याही सोसायटीच्या रात्रपाळीच्या वॉचमनला विचारा. मग अचानक पुढे पट्टे पुसलेले येतात, किंवा एखादा ट्रक दिवे न लावता डाव्या बाजूला उभा असतो. गाडी ‘पीप पीप’ करून कारभार माणसाच्या हातात देते. काय झालंय, डावीकडे कोण आहे, मागे कोण आहे, हे कळायला तीन सेकंद लागले तरी गाडी ऐंशीहून जास्त मीटर पुढे गेलेली असते. ज्याची बाजूची नजर शाबूत आहे त्याचीही तिथे त्रेधा उडते. यजमानांचं तर नेमकं तेच गेलंय.

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात टेम्पी गावी उबरच्या चाचणीच्या गाडीने रात्री सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. त्या गेल्या. गाडीत लक्ष ठेवायला पगारी चालक होती, तेच तिचं काम होतं. तपासात निघालं की ती मोबाइलवर कार्यक्रम बघत होती. लक्ष ठेवायचा पगार घेणाऱ्याची ही गत, तर हौसेने बसणाऱ्याची काय असेल?

काचबिंदूचं आणखी एक सांगायला हवं, तुमच्या नेत्रतज्ज्ञांनी सांगितलंही असेल. नजरेचा गेलेला भाग काळा दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं चित्र घेऊन ती जागा भरून टाकतो. त्यामुळे रुग्णाला मनापासून वाटतं की आपल्याला सगळं दिसतंय. यजमान हट्टी आहेत म्हणून किल्ली घेत नसतील, त्यांना खरंच तसं वाटत असेल. डावीकडून सुळकन पुढे येणारा डिलिव्हरीवाला त्यांच्या जगात आरशाजवळ पोचल्यावरच जन्माला येतो.

मुंबईच्या रस्त्यावर ही दुसऱ्या पायरीची गाडी कशी वागते, तेही ऐका. पश्चिम द्रुतगती मार्गावर, सांताक्रूझच्या पुढे, संध्याकाळी सात वाजता अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल लावून बघा. गाडी पुढच्या गाडीशी शहाण्यासारखं अंतर ठेवते. आपल्याकडे त्या अंतराला लोक मोकळी जागा समजतात. आधी एक बाईक घुसते. गाडी ब्रेक लावून पुन्हा अंतर करते, तर त्यात रिक्षा घुसते. मागचा हॉर्न दाबून ठेवतो. दोन सिग्नल जायच्या आत माणूस वैतागून बटण बंद करतो. म्हणजे ज्या सोयीसाठी पैसे मोजले, ती जिथे रोज लागते तिथेच बंद पडून राहते.

पावसात तर विचारू नका. काचेवरून पाणी धो धो वाहत असलं, किंवा पुढच्या डंपरने चिखल उडवला, की डॅशबोर्डवर संदेश येतो: कॅमेऱ्याला दिसत नाही, सुविधा तात्पुरती बंद. पाण्याने भरलेला खड्डा कॅमेऱ्याला सपाट रस्त्यासारखाच दिसतो. लेझरचंही पाण्यावर फारसं चालत नाही. अंधेरी सबवेत पाणी भरलं की बॅरिकेड लागतं, आणि पोलीस यायच्या आधी बऱ्याचदा एखादा भिजलेला माणूस छत्री हलवत सांगत असतो, ‘मागे फिरा, मागे फिरा’. तिकडच्या टॅक्सींना गणवेशातल्या पोलिसाचा हात ओळखायला शिकवतात. छत्रीवाल्याचं ऐकायचं की नाही, हे मामांना न शिकवता कळतं.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल मी या तंत्राच्या विरोधात आहे. बिलकूल नाही. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, हा केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच आकडा आहे. त्यात साधारण ४४ टक्के दुचाकीवरचे आणि १९ टक्के पायी चालणारे. मोटारीत बसलेले त्या मानाने थोडे. यातले बहुतेक अतिवेगाचे बळी. यंत्र दारू पीत नाही, पहाटे तीनला पेंगत नाही, ‘दोन मिनिटांत पोचतो’ म्हणत मोबाइल कानाला लावत नाही, ओव्हरटेक करणाऱ्याशी ईर्ष्या करत नाही. समोर माणूस आला की आपोआप लागणारा ब्रेक हा गाडीत बसलेल्यापेक्षा रस्त्यावरच्या माणसाला वाचवतो, म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. आणि चौथ्या पायरीची गाडी कधी काळी आपल्या गल्लीत आलीच, तर ती यजमानांसारख्यांसाठीच असेल. नजर गेली, हात थरथरतात, मुलं परदेशात, तरी मनात आलं की उठून नाटकाला जाता येतंय, याची किंमत पैशात होत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत ते खूश झाले ते गॅजेट बघून झाले असं तुम्ही धरून चाललात. मला वाटतं, त्यांना पुन्हा कोणावर अवलंबून नसल्याचं सुख मिळालं.

पण त्याच सॅन फ्रान्सिस्कोत ऑक्टोबर २०२३ मध्ये क्रूझ कंपनीच्या बिनचालकाच्या गाडीने काय केलं, तेही मुलाला आठवत असेल. दुसऱ्या एका गाडीने उडवलेली बाई या गाडीसमोर पडली. गाडी धडकली, थांबली, आणि मग बाजूला घ्यायचं म्हणून त्या बाईंना खाली घेऊनच साधारण वीस फूट फरफटत गेली. माणसाने आधी खाली वाकून बघितलं असतं. कंपनीचा परवाना त्याच महिन्यात निलंबित झाला, आणि पुढच्या वर्षाअखेरीस जनरल मोटर्सने या टॅक्सीच्या धंद्यात पैसे घालणंच बंद केलं. यंत्र माणसापेक्षा कमी चुका करेल, पण त्याच्या चुका माणसाच्या चुकांसारख्या नसतील. पोलिसात गेल्यावर गुन्हा कोणावर नोंदवायचा, गाडीच्या मालकावर, कंपनीवर की सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यावर, याचं उत्तर आपल्या मोटार वाहन कायद्यात नाही. तो कायदा परवाना असलेला माणूस स्टीअरिंगवर आहे असं धरून लिहिलेला आहे.

एक तोटा खास मुंबईचा. दादरला पार्किंग मिळत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. गाडीत माणूसच नसेल तर मालक म्हणणार, तू दोन तास इकडेतिकडे फिर, नाटक सुटलं की ये. अशा रिकाम्या गाड्या गोखले रोडवर घिरट्या घालायला लागल्या की बसमधल्यांनी काय करायचं? शिवाय माणूस आडवा आला की गाडी थांबणारच, हे एकदा लोकांना कळलं की दादर स्टेशनबाहेर फुलबाजाराच्या वेळेला ती गाडी दिवसभर जागची हलणार नाही. त्या गर्दीत आपले ड्रायव्हर थोडं पुढे, थोडा हॉर्न, थोडी नजरानजर करून वाट काढतात. ते बरोबर आहे असं मी म्हणत नाही.

दुसरा प्रश्न, मुंबईत येतील का? तुमच्या नव्या गाडीच्या आयुष्यात, म्हणजे पुढच्या दहा वर्षांत, पार्ल्याच्या गल्लीत बिनचालकाची मोटार येईल असं धरून मी एक रुपयाचाही निर्णय घेणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नितीन गडकरींनी नागपुरात पुन्हा सांगितलं की ड्रायव्हरांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या आपण येऊ देणार नाही. धोरणं बदलतात, मंत्री बदलतात, पण रस्ते आणि कायदे त्याहून सावकाश बदलतात. आल्याच तर आधी अटल सेतू किंवा कोस्टल रोडसारख्या बंदिस्त रस्त्यांवर येतील, जिथे पट्टे ठळक आहेत आणि रिक्षा-दुचाकींना बंदी आहे.

गंमत म्हणजे बिनचालक चालू शकेल असं एक वाहन तुमच्या घराजवळ आधीच आलंय. मेट्रो! २ए, ७ आणि ३ या तिन्ही मार्गिकांच्या गाड्या चालकाविना धावू शकतील अशाच बांधल्या आहेत. केबिनमध्ये अजून माणूस असतो, पण बराचसा कारभार यंत्रणाच बघते. तिथे ते जमतं कारण रुळावर आडवं येणारं कोणी नाही. मेट्रो ३ चं डोमेस्टिक विमानतळाचं स्टेशन पार्ल्यातून रिक्षाने जवळ आहे, तिथून सरळ दादर. स्टेशनात लिफ्ट आहे, आणि शिवाजी मंदिर नाट्यगृह दादरच्या स्टेशनापासून लांब नाही. यजमानांना एकदा गर्दी नसताना दुपारी घेऊन जा. पहिल्या वेळी बरोबर कोणीतरी हवं, कारण काचबिंदूत पायऱ्यांची कड चुकते.

आता मामा. तुम्ही ‘मामांचं काय करायचं’ असं विचारलंत, त्यावरून घरात त्यांना काढायचं जवळजवळ ठरलंय असं दिसतं. ताई, हे हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणं झालं. डॉक्टरांच्या दारात गाडी थांबवून ते उतरतात, पावसात छत्री धरतात, यजमानांना पायरी दाखवतात, मग गाडी कुठेतरी लांब लावून फोनची वाट बघतात. यातलं स्टीअरिंग फिरवणं फक्त यंत्र करेल, तेही केव्हातरी. बाकीची कामं कोण करणार? पगाराचीच अडचण असेल तर ते उघड बोला. आठवड्यातून तीन दिवस यायला सांगा आणि बाकीचे दिवस त्यांना दुसरीकडे काम धरायची मोकळीक द्या, पार्ल्यातल्या पार्ल्यात रिक्षा आहेच. आणि खरंच थांबवायचं असेल तर निदान सहा महिने आधी सांगा, चौदा वर्षांचा हिशोब नीट चुकता करा. पण अपडेट येणार म्हणून काढू नका. मुख्य म्हणजे कुणकुण लागलेल्या माणसाला तसंच लोंबकळत ठेवू नका, या आठवड्यात त्यांना समोर बसवून काय ते सांगा.

किल्लीचा विषय मात्र तुम्ही घरी काढू नका. बायकोने किंवा मुलाने ‘आता चालवू नका’ म्हटलं की वाद होतो. नेत्रतज्ज्ञांकडे पुढच्या वेळी फील्ड टेस्ट करायला सांगा, म्हणजे हनुवटी टेकवून मधल्या ठिपक्याकडे बघायचं आणि बाजूला प्रकाश चमकला की बटण दाबायचं, ती. तिचा छापील कागद डॉक्टरांनी यजमानांसमोर उघडावा आणि गाडी चालवण्याबद्दल त्यांनीच बोलावं. डॉक्टरांना आधी एक फोन करून तशी विनंती करा, ते ऐकतात. पंचावन्नच्या पुढे लायसन्स पाच-पाच वर्षांनीच नूतनीकरण होतं आणि त्याला वैद्यकीय दाखला लागतो, तेव्हा हा प्रश्न आज ना उद्या येणारच आहे.

नवी गाडी घेताना सहा एअरबॅग, भारत एनकॅप या धडक-चाचणीत मिळालेले चांगले तारे आणि आपोआप लागणारा ब्रेक, एवढं बघा. तो ब्रेक माणूस आणि दुचाकी ओळखतो का, रात्री ओळखतो का, किती वेगापर्यंत काम करतो, हे सेल्समनला विचारा आणि उत्तर ब्रोशरमध्ये दाखवायला लावा. पुढची काच फुटली तर कॅमेरा पुन्हा जुळवायचा खर्च किती आणि तो विम्यात बसतो का, तेही विचारा. हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि मग बिल बघून डोळे पांढरे होतात. मॉडेल आणि रंग यजमानांना निवडू दे, त्यांची हौस आहे. टेस्ट ड्राइव्ह मामांना घेऊ दे, आणि शोरूमवाले रविवार सकाळची वेळ देतील ती घेऊ नका. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहानंतरची मागा, अंधेरीच्या बाजूची.